नकाशांचा संहितापाठ

मूळ गांव कोणतें, हा प्रश्न आपल्या घरांतून वर्षाकांठीं एकदां तरी निघतोच. मुंज असो, कुलधर्म असो, वा कोणाची सोयरीक जुळत असो. वडील माणसें गांवाचें नांव सांगतात, आणि हल्लींचीं मुलें तत्काळ हातांतील फोनवर तें शोधूं लागतात. पुष्कळदां गांव सांपडतें. परंतु आजोबांनीं सांगितलेली वाडी, वाडीच्या वरची खिंड, खिंडींतलें देऊळ, आणि ज्या वहाळाच्या कांठीं घर होतें तो वहाळ, यांपैकीं कांहींच सांपडत नाहीं. मुलें म्हणतात, "आजोबा, अशी वाडी नाहींच." वाडी असते, पण ती कागदावर असते, यंत्रांत गेलेली नसते. कागदावरची ही भूमि यंत्रांत कशी जाते, जातांना तिचें काय होतें, आणि त्यांत तुम्हांआम्हांस लक्ष घालण्यासारखें काय आहे, याचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या कागदाविषयीं आम्ही बोलत आहों त्यास शाळेच्या भूगोलांत स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. व्यवहारांत टोपोशीट हेंच नांव रूढ आहे. आम्ही त्यास सोयीसाठीं पत्रक म्हणूं. सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी खात्यानें भारत व आसपासचे देश यांवर चार अंश लांब व चार अंश रुंद असे चौकोन कल्पून त्यांस क्रमांक दिले. त्यांपैकीं ४७ क्रमांकाचा चौकोन १६ ते २० अक्षांश व ७२ ते ७६ रेखांश यांमध्यें पडतो. मुंबई, पुणें, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर व सोलापूर हीं सर्व शहरें त्यांत येतात. या चौकोनाचे एकेक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांस इंग्रजी ए पासून पी पर्यंत अक्षरें दिलीं, आणि प्रत्येक भागाचे पुनः सोळा भाग पाडून त्यांस १ ते १६ अंक दिले. हा शेवटचा भाग म्हणजे पंधरा कला लांब व पंधरा कला रुंद असें एक पत्रक. पूर्वीं त्याचें प्रमाण एका मैलास एक इंच, म्हणजे १:६३,३६० असें असे. दशमान पद्धति आल्यावर तें १:५०,००० झालें. या प्रमाणावर सर्व देश झांकण्यास पांच हजारांहून अधिक पत्रकें लागतात.

आतां ही विभागणी अंशांवर व कलांवर केलेली असल्यामुळें ती गांवें, नद्या किंवा डोंगर यांची मुळींच पर्वा करीत नाहीं. पुण्याचेंच उदाहरण घ्या. १८ अंश ३० कला हें अक्षवृत्त शहराच्या मधून जातें. त्यामुळें शनिवारवाडा पडतो ४७ एफ/१४ या पत्रकांत, आणि पर्वती पडते ४७ एफ/१५ या पत्रकांत. वाड्यांतून पर्वतीच्या दर्शनास निघालेल्या मनुष्यास नकाशांत एक कागद संपवून दुसरा उघडावा लागतो. कागदाच्या युगांत दोन्ही पत्रकें टेबलावर शेजारींशेजारीं मांडून, कडा जुळवून, भागत असे. यंत्राच्या युगांत लोकांस तेवढाहि धीर नाहीं. त्यांस काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एक अखंड, बिनशिवणीचें वस्त्र पाहिजे आहे. बोट फिरवावें आणि भूमि सरकत जावी. ही मागणी गैर नाहीं. परंतु ती पुरविण्यांत जें कसब लागतें व जो धोका आहे, तो समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम या पत्रकांमागें किती श्रम आहेत तें थोडक्यांत सांगतों. सर्व्हे ऑफ इंडिया हें खातें १७६७ सालीं निघालें. १८०२ सालीं विल्यम लॅम्टन यानें मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशीं साडेसात मैल लांबीची पायारेषा साखळीनें मोजून त्रिकोणमितीच्या महान् मोजणीस आरंभ केला. अर्धा टन वजनाचें कोनमापक यंत्र डोंगरावर व देवळांच्या गोपुरांवर चढवीत हें काम वर्षानुवर्षें उत्तरेकडे सरकत गेलें. मोजणी चालू असतांनाच १८२३ सालीं लॅम्टन वारला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें. त्याची कबर तेथेंच आहे. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट यानें काम पुढें नेलें. जें शिखर पुढें त्याच्या नांवानें प्रसिद्ध झालें, त्याच्या उंचीच्या गणितांत राधानाथ सिकदर या बंगाली गृहस्थांचा मोठा वांटा होता, आणि त्यांचा हुद्दा 'कॉम्प्युटर' असा होता. त्या काळीं तें यंत्राचें नांव नसून मनुष्याचें होतें. साहेबांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. साखळ्या ओढणारे, झाडी तोडणारे व यंत्रें खांद्यावर वाहणारे सहस्रावधि खलाशी निनांवीच राहिले. त्यांचे कष्ट मात्र पत्रकांच्या रेषांत उतरले आहेत.

कोणी विचारील, आतां आकाशांतून उपग्रह चित्रें काढीत असतां या जुन्या कागदांची मातब्बरी ती काय? प्रश्न रास्त आहे. परंतु उपग्रहांकडून भूमीचीं नियमित चित्रें घेण्यास १९७२ सालच्या लॅन्डसॅटपासून आरंभ झाला. त्यापूर्वींची भूमि कशी होती, हें सांगणारा मुख्य साक्षीदार कागदच होय. भीमेवरील उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें आणि पळसदेवचें जुनें गांव पाण्याखालीं गेलें. तेथील पळसनाथाचें प्राचीन देऊळ जलाशय आटला म्हणजे अजून वर डोकावतें. त्या बुडालेल्या खोऱ्यांत भीमेचें पात्र कोणत्या वळणानें वाहत होतें, विहिरी कोठें होत्या, पायवाटा कोणत्या गांवास जात होत्या, हें पाहूं म्हणणाऱ्यास धरणापूर्वींच्या मोजणीच्या पत्रकावांचून गति नाहीं. मुळशीच्या खोऱ्यासाठीं १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढाकारानें सत्याग्रह झाला, हें आपण इतिहासांत वाचतों. पण ज्या भूमीसाठीं तो झाला ती आतां पाण्याच्या तळाशीं आहे. दुसरें असें कीं, उपग्रहास आकार दिसतात, नांवें दिसत नाहींत. अमुक डोंगर म्हणजे काय तें चित्रांत नसतें. मोजणीदारानें पाटलास विचारून लिहून घेतलेलें नांव पत्रकावर असतें. म्हणून कागद यंत्रांत नेणें अवश्य आहे.

आतां नेतात कसे तें पाहूं. पहिली पायरी म्हणजे कागदाची प्रतिमा घेणें, ज्यास स्कॅन करणें म्हणतात. यंत्र सबंध पत्रकाचे बारीक बारीक ठिपके करतें व प्रत्येक ठिपक्याचा रंग टिपून ठेवतें. इंचांत तीनशें ठिपके या हिशेबानें १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारें सव्वाचार मीटर. पत्रकावर अर्ध्या मिलिमीटर जाडीनें काढलेला रस्ता हिशेबानें जमिनीवरचे पंचवीस मीटर व्यापतो; एवढा रुंद रस्ता त्या रानांत असेलच असें नव्हे. तेव्हां कागदाच्या अंगीं जेवढी सूक्ष्मता नाहीं तेवढी यंत्रांत घालून उत्पन्न होत नाहीं. पडद्यावर नकाशा हवा तेवढा मोठा करतां येतो, म्हणून तो तितका अचूकहि असेल, असें समजणें ही भूल आहे.

दुसरी पायरी अधिक नाजूक. यंत्राच्या दृष्टीनें आतांपर्यंत तें केवळ एक चित्र आहे. त्यांतील कोणता ठिपका पृथ्वीवर कोठें आहे हें त्यास ठाऊक नाहीं. तें ठाऊक करून देण्यास भूसंदर्भीकरण म्हणतात. पत्रकावर पांच पांच कलांच्या अंतरानें अक्षवृत्तें व रेखावृत्तें आंखलेलीं असतात; कडा धरून त्यांचे सोळा छेदनबिंदु मिळतात. प्रत्येक बिंदूवर खूण करून त्याचे अक्षांश-रेखांश यंत्रास सांगावयाचे, आणि मग यंत्र सबंध चित्रास ताणून, वळवून त्या सोळा ठिकाणीं बसवितें.

हें ताणणें लागतेंच कशाला? दोन कारणें आहेत. एक पृथ्वीच्या आकाराचें. पृथ्वी गोल आणि कागद सपाट. नारिंगाची साल न फाडतां टेबलावर चापट बसत नाहीं. जुनीं पत्रकें बहुशंकु नांवाच्या प्रक्षेपणावर काढलेलीं आहेत. त्यामुळें पत्रक आयतासारखें दिसलें तरी तें आयत नसतें. वर सांगितलेल्या ४७ एफ/१४ या पत्रकाची उत्तरेची कड दक्षिणेच्या कडेहून सुमारें पाऊण मिलिमीटरानें आंखूड असली पाहिजे, कारण उत्तरेकडे रेखावृत्तें एकमेकांजवळ येत जातात. अशीं अनेक पत्रकें चारी बाजूंनीं जोडीत गेल्यास टेबलावर कोठें तरी फट पडतेच. दुसरें कारण कागदाच्या स्वभावाचें. कागद पावसाळ्यांत फुगतो, उन्हाळ्यांत आकसतो, आणि दोन्ही दिशांनीं सारखा आकसत नाहीं. पत्रकाची उंची साधारण पंचावन्न सेंटिमीटर. ती हजारीं दोन एवढीच आकसली असें धरलें, तरी सव्वा मिलिमीटराच्या आंतला तो फरक जमिनीवर पंचावन्न मीटरांचा होतो. घड्या घातलेल्या, कापडावर चिकटविलेल्या, कचेरींतल्या कपाटांत वर्षें काढलेल्या पत्रकांची गोष्ट तर बोलावयासच नको.

येथें यंत्राची एक खोड सांगून ठेवली पाहिजे. सोळाहि बिंदु तंतोतंत बसावे म्हणून चित्रास हवें तितकें वांकविण्याचीं गणितें उपलब्ध आहेत. तीं वापरलीं म्हणजे बिंदूंवरची चूक शून्य दिसते, आणि अननुभवी मनुष्य हुरळून जातो. परंतु बिंदूंच्या मधली भूमि अशा वेळीं पिळवटून गेलेली असते. वर्गांत पाठ केलेले प्रश्न बिनचूक सोडविणारा, पण आंकडे बदलतांच अडणारा विद्यार्थी जसा, तसेंच हें. थोडी चूक सर्वत्र सारखी वांटून ठेवणारें साधें गणित बरें, आणि ती चूक किती मीटर राहिली हें प्रामाणिकपणें लिहून ठेवणें त्याहून बरें.

तिसरी पायरी आहे पायाची. एव्हरेस्टनें १८३० मध्यें पृथ्वीचा जो आकार गणितानें ठरविला, त्यावर आपलीं जुनीं पत्रकें रचलेलीं आहेत. त्यांत पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर धरलेली आहे. हल्लीं फोनांतील दिशादर्शक यंत्र जें मान वापरतें, तें १९८४ चें जागतिक मान. त्यांत ती ६३,७८,१३७ मीटर आहे. शिवाय दोन्ही आकारांचे मध्यहि एके ठिकाणीं नाहींत. परिणाम असा कीं, एकाच देवळाचे अक्षांश-रेखांश दोन पद्धतींत निराळे येतात, आणि पुण्याच्या आसपास हा फरक जमिनीवर शंभर मीटरांहून अधिक भरतो. हा पालट न करतां जुन्या पत्रकावर नवें उपग्रहचित्र ठेवलें, तर ओढ्याच्या अलीकडचें देऊळ पलीकडे जातें. त्यांत कोणाचेंहि खोटें नसतें. दोघांनीं मोजण्यास आरंभच निरनिराळ्या ठिकाणाहून केलेला असतो.

चौथी पायरी दिसावयास अगदीं क्षुल्लक. पत्रकाच्या चारी बाजूंस समास असतो. पत्रकें जोडावयाचीं तर तो आड येतो, म्हणून यंत्रांत तो कातरून टाकतात. पण त्या समासांत काय असतें? पत्रकाचा क्रमांक, जिल्ह्याचें नांव, मोजणीचें साल, आवृत्ति, चिन्हांचा खुलासा. म्हणजे पुस्तकाचें मुखपृष्ठ, सनावळी आणि कोश एकदमच फाडून टाकण्यासारखें हें आहे. मागें राहतें तें एक सुंदर, निनांवी व निर्वर्ष चित्र. आमच्या मतें या सर्व उद्योगांतील मोठ्यांत मोठी हानि येथें होते, आणि ती होतांना कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

शेवटची पायरी सांधण्याची. शेजारचीं दोन पत्रकें कडेस कड लावून ठेवलीं म्हणजे तीं जुळतील, असें आपण समजतों. तीं पुष्कळदां जुळत नाहींत. एकाची मोजणी एका सालची, दुसऱ्याची त्यानंतर वीस वर्षांनीं झालेली. एकावर रस्ता कडेपर्यंत येऊन थांबतो, दुसऱ्यावर त्याचा मागमूस नाहीं. कारण पहिल्या मोजणीच्या वेळीं तो झाला नव्हता, दुसऱ्याच्या वेळीं झाला होता. एकावर अर्धा तलाव आहे, दुसऱ्यावर त्याच जागीं शेतें आहेत. एक पत्रक फुटांत, दुसरें मीटरांत. डोंगराचा चढ दाखविणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा एकावर पन्नास पन्नास फुटांनीं, तर दुसऱ्यावर वीस वीस मीटरांनीं. एकावरील हजार फुटांची रेषा म्हणजे ३०४.८ मीटर, शेजारीं तिच्या जवळची रेषा तीनशें मीटरांची. दोहोंत पावणेपांच मीटरांचें अंतर. कड्यावर तें जाणवणारहि नाहीं. पण शेंकडा एक उताराच्या माळावर तेवढ्या उंचीसाठीं ४८० मीटर दूर जावें लागतें. घाईच्या कामांत मनुष्य काय करतो? कडेवर लोंबणारीं दोन टोकें दिसलीं कीं त्यांस गांठ मारतो. चित्र अखंड दिसतें. पण हजार फुटांच्या रेषेस तीनशें मीटरांची रेषा बांधली गेलेली असते, आणि अशा नकाशावरून यंत्रानें उतार काढला कीं कडेकडेनें एक खोटा बांध उभा राहतो.

रेषांप्रमाणेंच अक्षरांची गत आहे. पत्रकांवरील गांवांचीं नांवें बहुधा रोमन लिपींत आहेत. त्या लिपींत ट आणि त, ठ आणि थ, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल यांचा भेद राहत नाहीं. यंत्र तीं नांवें वाचून पुनः नागरींत आणूं लागलें कीं ठाण्याचें थाने होतें, कळंबचें कलंब होतें. मोठ्या शहरांच्या बाबतींत चूक ध्यानांत येते. दहा उंबऱ्यांच्या वाडीच्या बाबतींत ती दुरुस्त करणारें कोण आहे? शिवाय काळीं अक्षरें तपकिरी रेषांवर छापलेलीं असल्यानें रंग निवडतांना रेषा तेथें तुटतात, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर तर रेषा एकमेकींस इतक्या खेटून असतात कीं यंत्रास त्यांचा जाड डागच दिसतो. तेथें अखेर मनुष्याचा डोळा व मनुष्याचा हातच लागतो.

यावर कोणी म्हणेल, मग जोडूंच नये काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. आपल्या परंपरेंत या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वीं देऊन ठेवलेलें आहे. संस्कृत भाषेंत शब्द शेजारीं आले कीं त्यांचा संधि होतो, आणि वाणी अखंड वाहते. ती सोय आहे, सौंदर्यहि आहे. पण सांधा विसरला कीं काय होतें, हें कथासरित्सागरांतील सातवाहन राजाच्या गोष्टींत सांगितलें आहे. जलक्रीडेंत राणी म्हणाली, पाण्यानें मला मारूं नका. तिनें 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधि करून 'मोदकैः' म्हटलें. राजानें खरोखरीचे मोदक आणविले, आणि राणी हंसली. राजाच्या कानीं पडलेला शब्द अखंड होता, स्पष्ट होता, आणि सर्वस्वीं उलट अर्थाचा होता. बिनशिवणीच्या नकाशावर डोळे मिटून भरंवसा ठेवणाऱ्याची अवस्था अशीच होण्याचा संभव आहे.

वैदिकांनीं या धोक्यावर तोड काढली ती अशी. संहितापाठ त्यांनीं सोडला नाहीं. यज्ञांत, पठणांत तोच चालविला. पण त्याच्या जोडीस पदपाठ ठेवला, ज्यांत प्रत्येक पद सुटें करून म्हटलें जातें. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्यानें केला, आणि शिष्यानें दोन्ही पाठ करावे असा दंडक पडला. संधि असावा, पण तो हवा तेव्हां सोडवितां यावा, हें त्यांतील मर्म. नकाशांसंबंधानें आमचें सांगणें एवढेंच आहे. अखंड नकाशा हा संहितापाठ. तो जरूर करा. पण पत्रकवार पदपाठहि जपा. यंत्रांत काढलेल्या प्रत्येक रेषेस तिचें पत्रक कोणतें, मोजणी कोणत्या सालची, आणि बसवितांना चूक किती मीटर राहिली, हें चिकटून असलें पाहिजे. यंत्रास याचा भार मुळींच होत नाहीं. रेषेबरोबर तक्ता ठेवण्याची सोय त्यांत मूळचीच आहे. भार होतो तो मनुष्याच्या आळसास.

हा केवळ पंडिती काटेकोरपणा आहे, असें वाचकांनीं समजूं नये. माळीण २०१४ सालीं, तळिये २०२१ सालीं आणि इर्शाळवाडी २०२३ सालीं दरडीखालीं सांपडली. त्या दुर्घटना नकाशाच्या चुकीनें झाल्या असें आम्ही म्हणत नाहीं. पण पुढची वाडी कोणती, हें आधीं ओळखावयाचें तर डोंगराचा उतार, ओढ्यांचीं तोंडें आणि वस्तीची जागा या तिन्ही गोष्टी एकाच नकाशावर बिनचूक पाहिजेत. उतार काढावयाचा समोच्च रेषांवरून, वा रडारनें मोजलेल्या उंचीवरून. आणि रडारास दाट रानांत झाडांचे शेंडे दिसतात, जमीन नव्हे. ज्या वाडीवरून दोन पत्रकांची कड जाते, तेथें खोटा बांध किंवा खोटें सपाट उत्पन्न झालें, तर ती वाडी यादींतून सुटेल, आणि सुटली हें कोणास कळणारहि नाहीं. कारण सांधा तर पुसून टाकलेला. निदान सांधा दिसत असता, तर पाहणाऱ्यानें म्हटलें असतें कीं, येथें जाऊन एकदां प्रत्यक्ष पाहिलें पाहिजे.

परदेशांत हें पथ्य पाळलेलें दिसतें. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानें १८८४ पासून २००६ पर्यंतचीं आपलीं जुनीं पत्रकें यंत्रांत घालून, प्रत्येकाचें साल कायम ठेवून, सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जुने नकाशे अखंड जोडून दाखविले आहेत. पण वाचकास हवें तर मूळ पत्रक समासासकट उघडून पाहतां येतें. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें सर्वांसाठीं खुली अशी नवी पत्रकमाला जागतिक मानावर काढण्याचें ठरविलें. फेब्रुवारी २०२१ मध्यें नकाशे करण्यावरचे व वापरण्यावरचे पुष्कळ निर्बंध सैल झाले. आणि डिसेंबर २०२२ मध्यें राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झालें. पूर्वीं ज्या कामास परवानगीवांचून हात लावतां येत नसे, तें आतां शाळा-कॉलेजांतील मुलांसहि करतां येतें. क्यूजीआयएस नांवाची संगणकाची प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यांत वर वर्णिलेल्या सर्व पायऱ्या आहेत. नव्या मालेंतहि एक सांधा आहे, तो जातां जातां सांगतों: ज्या पद्धतीनें ही माला काढली आहे तींत पृथ्वीचे सहा सहा अंशांचे पट्टे कल्पिले आहेत, आणि ७८ रेखांशावर पट्टा बदलतो. पुणें पडतें त्रेचाळिसाव्या पट्ट्यांत, नागपूर चव्वेचाळिसाव्यांत. म्हणजे महाराष्ट्राचा अखंड नकाशा करणाऱ्यास विदर्भांत एक शिवण घालावीच लागते. शिवण टळत नाहीं. ती कोठें आहे हें ठाऊक असणें, एवढेंच आपल्या हातीं असतें.

आतां घरच्या घरीं काय करतां येईल? एक, कोणाच्या घरीं जुनें पत्रक, कापडावर चिकटविलेला तालुक्याचा नकाशा, किंवा पणजोबांच्या नोकरींतला एखादा कागद असेल, तर तो रद्दींत देऊं नये. आणि त्याची प्रतिमा घ्यावयाची झाल्यास समासासकट घ्यावी. दोन, घरांत जीं वृद्ध माणसें आहेत त्यांच्याकडून आपल्या गांवच्या वाड्या, ओढे, खिंडी, टेंब, देवराया यांचीं नांवें नागरी लिपींत, जशीं उच्चारतात तशीं, लिहवून घ्यावीं. रोमन लिपीनें गमावलेला ळ परत देणें हें त्यांच्याशिवाय कोणास साधणार नाहीं. तीन, भूगोल शिकणाऱ्या मुलांस एकदां तरी दोन शेजारचीं पत्रकें देऊन त्यांच्या कडा जुळवावयास बसवावें. काय जुळतें आणि काय जुळत नाहीं याची यादी त्यांनींच करावी. चवथी गोष्ट सावधगिरीची: या पत्रकांवरून कोणीहि आपल्या जमिनीच्या हद्दीचा वाद मांडूं नये. त्यासाठीं गांवनकाशा, फाळणी व सातबारा हींच साधनें आहेत. डोंगर कोठें आहे हें पत्रक सांगेल. बांध कोणाचा, हें सांगण्याचें त्याचें काम नव्हे.

आणि ज्यांच्या हातीं हें जोडण्याचें काम आहे, त्या तरुण मंडळीस आमची एवढीच विनंति आहे कीं, कातर चालविण्यापूर्वीं समास एकदां वाचून, त्यांतलें साल टिपून ठेवावें. तेवढें केलें म्हणजे पुढें कोणास संशय आल्यास त्यास सांधा सोडवून पाहतां येईल.